कौलारू घरात लांबलेला मनीप्लांट

मनीप्लांट हा अळू-सुरणाच्या कुळातला वेल. मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. पण कोकणात तो इतका रुळला आहे की बागेतल्या माडावर चढला की सुपाएवढी पाने धरतो. घरात टांगलेल्या वेलाला तशी पाने कधीच येत नाहीत. आधार धरून वर चढणाऱ्या वेलाचेच पान मोठे होते. खाली लोंबणाऱ्याचे लहानच राहते.

कोकण किनाऱ्यावरच्या शिरोडा गावातल्या जुन्या कौलारू घरांत त्यात उजेडाच्या टंचाईची भर पडते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून वळचण खाली उतरवलेली असते, त्यामुळे माजघर भर दुपारीही काळोखे. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले आणि वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद. अशा वेळी वेल उजेडाच्या दिशेने धावतो. दोन पेरांमधले कांडे लांबते, पाने विरळ आणि बारकी होतात, त्यांवरचे सोनेरी पट्टे पुसट होतात. घरची माणसे मात्र गणपतीपर्यंत वेल वाशाला पोचला म्हणून खूश असतात. पण एकदा लांबलेले कांडे पुन्हा आखूड होत नाही.

वेल असा किडकिडीत दिसला की पहिला हात शेणखताकडे जातो आणि दुसरा तांब्याकडे. इथेच बहुतेक वेल मरतात. कमी उजेडात झाड पाणी कमी ओढते, दमट हवेत कुंडीही सुकत नाही, आणि मुळे कुजतात. खालची पाने भराभर पिवळी पडली, मातीलगतचे खोड काळे व मऊ झाले, तर पाणी थांबवून वरचा निरोगी भाग कापून नव्याने लावणे हाच उपाय. एरवी बोटाच्या दोन पेरांइतकी माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

आधी जागा बदलावी, मग कात्री घ्यावी. पडवीची कड किंवा छपरातल्या काचेच्या कौलाखालचा कोपरा उत्तम. हाताची पुसट सावली पडते तेवढा उजेड पुरे. काळोखातून काढून एकदम उन्हात ठेवल्यास पाने करपतात. पावसाच्या तोंडावर छाटू नये. काळोखात फुटलेले कोंबही लांबडेच निघतात. गणपतीनंतर उघाड पडली की पेराच्या जरा वर कापावे. नवा कोंब कापलेल्या जागेजवळच्या पेरातून फुटतो, म्हणून टोक खुडून मधला बोडका भाग भरत नाही. भीड न ठेवता मुळापासून वीतभरावर कापावे. न कापायचे असेल तर बोडक्या वेलाचे कुंडीतच वेटोळे करून, माडाचा हीर दुमडून त्याच्या चिमट्याने पेरे मातीला टेकवून ठेवावीत. तिथे मुळे धरतात. कापलेल्या कांड्यांपैकी पेर असलेली पाच-सहा त्याच कुंडीत खोचली की झुडूप दाट दिसते.

मिठागरांच्या या गावात मिठाचे भान कुंडीतही ठेवावे लागते. किनाऱ्यावरची वाळू मातीत मिसळू नये. खाडीच्या पाण्यात कुजवलेला काथ्या गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळल्याशिवाय वापरू नये. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ लागू लागले आणि पानांच्या कडा तपकिरी झाल्या, तर दुसरे पाणी घालावे. पावसाळ्यात कुंडी एकदा सरीखाली ठेवली तर साठलेले क्षार धुऊन जातात. मीठ लावून धुतलेल्या मासळीचे पाणी मात्र या कुंडीला नको.

बाटलीत पाण्यावर वाढवलेल्या वेलामुळे डेंग्यूच्या डासाचा धोका असतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून बाटली आतून घासावी. नुसते पाणी बदलले तर काचेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

छाटलेले तुकडे परसात भिरकावू नयेत. पेर मातीला लागले की वेल रुजतो आणि जवळच्या झाडावर चढून बसतो. कापताना चीक हाताला लागला तर कच्च्या अळूसारखी खाज सुटते, आणि पान चघळल्यास तोंड सुजते. रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरात वेल जमिनीपर्यंत लोंबू देऊ नये.