हाताने शिवलेल्या गोधडीचा दर कसा ठरवावा?

वाचकांचे प्रश्न : पैसा आणि कायदा

प्रश्न १ : मागणीप्रमाणे गोधडी शिवून देताना कापडाच्या खर्चावर अंदाजाने काही रक्कम चढवून दर सांगितला जातो. गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करते आणि शेवटी हातात फार थोडे उरते. दर काढण्याची खात्रीची रीत कोणती? (महिला बचत गट, गंगाखेड तालुका, जि. परभणी)

उत्तर : गोधडीच्या दरात कापडाचा वाटा लहान असतो आणि वेळेचा मोठा. कापडाच्या पैशांवर रक्कम चढवून दर काढला की शिवणारीचे तास हिशेबातून गळतात, आणि तोटा नेमका तिथेच होतो. म्हणून हिशेबाची सुरुवात मजुरीपासून करावी.

पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी धरू. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या-अर्ध्या इंचावर घातल्या तर साठ इंचांच्या रुंदीत १२० ओळी बसतात. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे एकूण शिवण ८४० फूट, सुमारे २५६ मीटर. इंचाला चार टाके धरले तर एका गोधडीत चाळीस हजारांवर टाके पडतात. कडेपासून आत फेर धरत शिवली तरी शिवणीची लांबी जवळपास तेवढीच येते. ओळी इंचाइंचावर घातल्या तर मात्र ती निम्मी होते. एकाच मापाच्या दोन गोधड्यांच्या शिवणकामात असा दुपटीचा फरक पडू शकतो. त्यामुळे केवळ लांबी-रुंदीवर दर सांगणे चुकीचे ठरते. मापाबरोबर ओळींमधले अंतरही ठरवून घ्यावे.

वेळ मोजायला पूर्ण गोधडी संपण्याची वाट पाहावी लागत नाही. एक ओळ घड्याळ लावून शिवावी आणि ओळींच्या संख्येने गुणावे. सात फुटांच्या ओळीला वीस मिनिटे लागत असतील तर १२० ओळींना चाळीस तास लागतील. त्यात कापड धुणे, कापणे, तुकडे जोडणे, थर घालणे आणि टाचणे यांचे सहा तास, गोट व कोपऱ्यांचे चार तास मिळवले की पन्नास तास होतात. ठिगळांची नक्षी बारीक असेल तर जोडणीचे तास वाढतात. तेही एकदा मोजून वहीत लिहून ठेवावेत.

आता तासाचा दर. त्याचा तळ सहज सापडतो. रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये पडतात. अंगमेहनतीच्या अकुशल कामाचा हा दर आहे. सारखा टाका, थरात सुरकुती न पडू देणे, रंगांचा मेळ बसवणे हे वर्षांच्या सरावाने आलेले कसब आहे, तेव्हा त्याचा दर याहून वर असायला हवा. परभणी जिल्ह्यात आणखी एक माप हाताशी आहे, ते कापूस वेचणीचे. वेचणीला गेलेल्या बाईला किलोमागे पैसे मिळतात. त्या हंगामात गोधडीसाठी घरी बसणे म्हणजे ती मजुरी सोडणे. म्हणून वेचणीच्या दिवसांत घेतलेल्या कामाचा तासाचा दर त्या दिवसाच्या वेचणीच्या कमाईपेक्षा कमी नसावा. उन्हाळ्यात शेतातली कामे थोडी असतात. गोधड्या शिवण्याचा तो जुना हंगाम आहे, आणि थंडीसाठीच्या मागण्या तेव्हाच घेऊन ठेवल्या तर दोन्ही कमाया साधतात.

उदाहरणादाखल एका गोधडीचा हिशेब असा मांडता येतो. आकडे प्रत्येकीने आपल्या बाजारभावाप्रमाणे बदलून घ्यावेत.

- वरचे कापड, अस्तर, आतले थर, दोरा : ८५० रुपये
- मजुरी, ५० तास, तासाला ६० रुपये : ३,००० रुपये
- वरखर्च (कापड आणायचा प्रवास, सुया, धुलाई, वीज, फोन, पिशवी) : २५० रुपये
- बेरीज : ४,१०० रुपये
- नफा, बेरजेवर १५ टक्के : ६१५ रुपये
- सांगायचा दर : ४,७१५, म्हणजे ४,७०० रुपये

मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजुरी हातांची असते. नफा पुढचे कापड घ्यायला, न खपलेल्या मालाला आणि आजारपणाच्या दिवसांना आधार म्हणून असतो. याच गोधडीचा तळदर काढायचा तर मजुरी तासाला ३९ रुपयांनी १,९५० धरावी आणि नफा सोडून द्यावा. ही रक्कम ३,०५० रुपये येते. याखाली गोधडी देणे म्हणजे रोजगार हमीच्या मजुरीपेक्षाही कमी पैशांत कसबाचे काम करणे होय.

गिऱ्हाइकाजवळ तेवढे पैसे नसतील तर दर पाडू नये, काम कमी करावे. ओळी इंचावर घातल्या की वीस तास वाचतात. मजुरी १,८०० रुपयांवर येते आणि त्याच रीतीने दर सुमारे ३,३३५ रुपये होतो. साधी जोडणी किंवा लहान माप हेही पर्याय आहेत. असे दोन-तीन दर आधीच नमुन्याच्या तुकड्यांसह तयार ठेवले तर घासाघिशीला जागा उरत नाही. गिऱ्हाइकाला आपण कशाचे पैसे देतो ते दिसते.

प्रश्न २ : एक गोधडी चौघी मिळून शिवतात. पैसे सारखे वाटावेत का?

उत्तर : मजुरी कामाप्रमाणे आणि नफा ठरावाप्रमाणे वाटावा. धावदोऱ्याच्या कामात ओळी मोजता येतात, म्हणून ओळींवर वाटणी सर्वांत स्वच्छ होते. कापणी, जोडणी आणि गोट यांचे तास वेगळे लिहावेत. सरसकट सारखी वाटणी केली की जास्त हात चालवणारीचे पैसे दुसरीकडे जातात आणि गट कुरबुरीने मोडतो. नफा गटाच्या बँक खात्यात ठेवायचा की वाटायचा, याचा ठराव बैठकीच्या वहीत नोंदवून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

प्रश्न ३ : गिऱ्हाईक आजीची लुगडी आणून देते आणि त्यांचीच गोधडी मागते. तेव्हा दर आणि जबाबदारी कशी ठरते?

उत्तर : कापड गिऱ्हाइकाचे असेल तर दरातून फक्त त्या कापडाची किंमत वजा होते. वरच्या उदाहरणात ती फार तर काही शे रुपये असेल. उलट जुन्या लुगड्याचे काम जास्त वेळ खाते. विरलेला भाग काढावा लागतो, फाटके दुहेरी करावे लागते, काठ आणि पदर जपून बसवावे लागतात. तेवढे तास मजुरीत धरावेत.

कायद्याच्या दृष्टीने इथे व्यवहार बदलतो. शिवणारीच्या कापडाची गोधडी दिली की ती मालाची विक्री होते. गिऱ्हाइकाचे कापड शिवून दिले की ते कापड शिवणारीकडे निक्षेप म्हणून असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे तिने त्या कापडाची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तशी घ्यायची असते. तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले तर, वेगळा करार नसेल तेव्हा, कलम १५२ प्रमाणे ती जबाबदार ठरत नाही. म्हणून कापड ताब्यात घेतानाच ते उजेडात पसरून पाहावे. विरलेल्या जागा, डाग आणि भोके यांचे फोटो काढावेत. रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या चिंधीने कोपऱ्यावर घासून बघावे. लुगडी किती, कोणत्या रंगांची आणि कोणत्या अवस्थेत मिळाली, याची चिठ्ठी दोघांच्या सहीने करावी. आठवणीच्या कापडाची भरपाई पैशांत होत नाही, त्यामुळे ही दक्षता दोन्ही बाजूंच्या हिताची आहे.

प्रश्न ४ : ओळखीत दर बोलला जात नाही, “नंतर बघू” म्हणून काम सुरू होते. मग गिऱ्हाईक अगदी थोडे पैसे देते. कायदा काय म्हणतो? इसारा घ्यावा का?

उत्तर : दर ठरला नाही म्हणजे काम फुकट झाले असे होत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ९ प्रमाणे किंमत करारात ठरवता येते. ती ठरलेली नसेल आणि नेहमीच्या व्यवहारावरूनही कळत नसेल तर खरेदीदाराने वाजवी किंमत द्यायची असते. वाजवी किती, हे त्या-त्या परिस्थितीवर ठरते. फुकट देण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला, तर करार अधिनियमाचे कलम ७० मोबदल्याचा आधार देते. अशा वेळी तासांची वही हाच उत्तम पुरावा असतो. तोंडी करारही वैध आहे, मात्र सिद्ध करायला कठीण. फोनवरच्या एका संदेशात माप, ओळींचे अंतर, दर, तारीख आणि इसारा लिहून गिऱ्हाइकाचे “मान्य” घेतले तरी बरेच काम होते.

इसारा निदान साहित्याच्या पूर्ण खर्चाइतका असावा. दराचा अर्धा भाग आगाऊ आणि उरलेला गोधडी नेताना, ही वाटणी व्यवहाराला सोयीची आहे. नाव किंवा तारीख भरलेली गोधडी दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, तेव्हा तिच्यासाठी इसारा अधिक घ्यावा. मागणी रद्द झाली तर इसाऱ्यातून किती रक्कम ठेवली जाईल, हे आधी लिहावे. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. आणलेले कापड आणि झालेले तास मोजून रक्कम लिहिली तर ती टिकते.

प्रश्न ५ : पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला किंवा प्रदर्शनात माल देताना दर वेगळा लावावा का?

उत्तर : शिवणारीच्या हातात पडायची रक्कम तीच राहावी, वर दुकानाचा हिस्सा चढतो. इथे एक चूक नेहमी होते. दुकानदार विक्रीच्या किमतीतून ३० टक्के ठेवणार असेल तर ४,७०० वर ३० टक्के चढवून ६,११० रुपये किंमत लावली जाते. पण ६,११० मधून ३० टक्के गेले की हातात ४,२७७ रुपयेच येतात आणि ४२३ रुपये कमी पडतात. बरोबर रीत म्हणजे ४,७०० ला ०.७० ने भागणे. किंमत सुमारे ६,७१५ रुपये येते. प्रदर्शनात प्रवास, राहणे, गाळ्याचे भाडे आणि बसून गेलेले दिवस यांचा खर्च खपण्याच्या अंदाजाइतक्या नगांवर वाटावा. ‘उमेद’ अभियानाच्या मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला जाताना किंवा परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात दुकान मांडताना हिशेब हाच.

एकेकटीने विकण्यापेक्षा एकत्र दर धरला तर तो टिकतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात कृष्णवर्णीय ग्रामीण स्त्रियांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली आणि घरच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या बाजारात नेल्या. त्याच भागातल्या जीज बेंडच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. अंथरुणातली वस्तू म्हणून जिची किंमत होत नव्हती, ती कलाकृती म्हणून ओळखली गेली.

दुकानदाराने पैसे अडकवू नयेत यासाठी उद्यम नोंदणी करावी. ती विनाशुल्क आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. माल विक्री होईपर्यंत ठेवायला दिला असेल तर तसे वेगळे लिहून घ्यावे.

प्रश्न ६ : दरात जीएसटी धरावा का? प्राप्तिकर लागतो का?

उत्तर : महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. गिऱ्हाइकाच्या कापडावर फक्त शिलाईचे काम केले तर ती सेवा ठरते आणि तिथे मर्यादा २० लाखांची आहे. नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावून पैसे घेणे बेकायदेशीर आहे. परराज्यात माल पाठवताना नियम वेगळे आहेत. अधिसूचित हस्तकला वस्तूंना २० लाखांपर्यंत अटींसह सवलत आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे करसल्लागाराकडून पाहून घ्यावे. नोंदणी केलेल्यांसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या सुती गोधडीवर ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीला १८ टक्के दर आहे. किंमत ठरवताना हा टप्पा लक्षात ठेवावा.

प्राप्तिकर उलाढालीवर नसतो, खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नावर असतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी निवासी व्यक्तीचे १२ लाखांपर्यंतचे नेहमीचे उत्पन्न सवलतीमुळे करमुक्त होते. तरी ४ लाखांच्या वर उत्पन्न गेल्यास विवरणपत्र भरावे लागते.

प्रश्न ७ : गोधडी तयार आहे, पण गिऱ्हाईक पैसे देत नाही. किंवा गोधडी नेली आणि पैसे बुडवले. उपाय काय?

उत्तर : गोधडी ताब्यात असेतो शिवणारीची बाजू भक्कम असते. गिऱ्हाइकाच्या कापडावर कसबाचे काम केले असेल तर करार अधिनियमाच्या कलम १७० प्रमाणे मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू रोखून ठेवता येते. माल स्वतःचा असेल तर मालविक्री अधिनियमाचे कलम ४७ तसाच हक्क देते. मात्र पैसे नंतर देण्याची मुदत स्वतः कबूल केली असेल तर ती मुदत संपण्याआधी हा हक्क सहसा राहत नाही. म्हणून मुदतीचे शब्द तोलून बोलावेत.

गोधडी गेली असेल तर आधी लेखी मागणी पाठवावी आणि तिची पोच जपावी. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर मालाच्या किमतीसाठी माल दिल्यापासून आणि शिलाईच्या मोबदल्यासाठी काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा करता येतो. वकिलाच्या खर्चाला घाबरून गप्प बसण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. परभणीच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करता येतो. दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथे न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि तडजोडीने झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतके बळ असते. अर्जासोबत दराचा संदेश, कापड घेतल्याची चिठ्ठी, गोधडीचा फोटो, मिळालेल्या पैशांची नोंद आणि तासांची वही जोडावी.