वाढत्या जगाचे अन्न आणि मुळशीचे खाचर

नोव्हेंबर २०२२ मध्ये पृथ्वीवरील माणसांची संख्या आठशे कोटी झाली, असे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. ती एक हजार कोटींच्या वर जाईल व ह्या शतकाच्या उत्तरार्धात उतरणीस लागेल, असा त्या संघाचा अदमास आहे. इतक्या मुखांस अन्न कोठून मिळणार, हा प्रश्न मोठमोठ्या परिषदांत चर्चिला जातो. परंतु खेड्यांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस तो दूरचा वाटण्याचा संभव आहे. म्हणून आज आम्ही तो पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, भाताच्या खाचरात उभे राहून पाहू इच्छितो.

मुळा व निळा ह्या नद्यांच्या खोऱ्यातील जमीन भाताविषयी नावाजलेली होती. मुंबईस वीज पुरविण्याकरिता टाटा कंपनीने तेथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. तो लढा अखेर मोडला आणि तळची उत्तम खाचरे पाण्याखाली गेली. आज तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी येथे संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत, व डोंगराच्या कुशीत शहरवासीयांचे बंगले उठत आहेत. खाणारे वाढतात, जमीन मात्र आटते. तेव्हा उरलेल्या खाचरातूनच अधिक पिकविणे भाग आहे. आणि तेही अशा रीतीने की, नातवंडांस ती माती निःसत्त्व मिळू नये.

प्रथम बियाणे. आंबेमोहर हा मुळशी-मावळाचा जुना तांदूळ. शिजताना त्यास आंब्याच्या मोहरासारखा वास येतो, भात मऊ होतो, आणि त्याची पेज लेकरांस व आजाऱ्यांस देतात. परंतु त्याचे रोप उंच व नाजूक. खत जास्त झाले की लोळते. हेक्टरी सुमारे वीस क्विंटलांच्या आसपास पीक येते. इकडे १९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आय. आर. ८ नावाचे बुटके, ताठ देठाचे वाण दिले. ते भरपूर खत पचवून भरपूर दाणा देई, पण खाण्यास जाडेभरडे. शेजारच्या वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने ह्या दोहोंचा मेळ घातला, आणि १९८७ साली इंद्रायणी हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. त्यात सुवास बराचसा आईकडचा, ताठपणा परदेशी बापाकडचा. आणि चांगली निगा राखल्यास पीक आंबेमोहराच्या दुपटीजवळ जाते. (इंद्रायणीच्या पेजेवर आजाऱ्याची तक्रार नसते, आजीची मात्र असते.)

ह्यावरून आंबेमोहर आता टाकून द्यावा असे कित्येक म्हणतात. आमच्या मते हा मोठा घातकी विचार होय. आंबेमोहर कोणी राखला नसता, तर इंद्रायणी कशापासून झाली असती? पुढे नवा रोग येईल, पाऊस लहरी होईल, त्या वेळी शास्त्रज्ञांस पुन्हा जुन्या वाणांकडेच यावे लागेल. तसेच, बाहेरून आलेला बारीक तांदूळ आंबेमोहराच्या नावाने खपविला जातो, यावरून अस्सल मालास गिऱ्हाईक आहे हे उघड दिसते.

दुसरी गोष्ट मातीची. राब भाजण्याची चाल आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. शेण, पाला व फांद्या जाळून रोपांची जागा भाजली की तण मरते व रोप जोमदार येते, हे खरे. पण त्यापायी रानातील झाडे बोडकी होतात आणि जे शेण खाचरात जावयाचे ते धुरात जाते. डॉ. नारायण सावंत ह्या कृषिशास्त्रज्ञांनी चारसूत्री लागवडीची जी रीत घालून दिली, तिच्यात ह्यावर उपाय आहे. भाताच्या तुसाची काळी राख रोपांच्या वाफ्यात मिसळावी. त्यातील सिलिकेने रोप कणखर होते. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला, गुंठ्यास सुमारे तीस किलो, चिखलणीपूर्वी खाचरात पसरावा. लावणी दोरीवर, आलटून पालटून पंधरा व पंचवीस सेंटिमीटर अंतराने, एका चुडात दोन-तीनच रोपे घेऊन करावी. मग पंधरा सेंटिमीटरांच्या चौकोनातील चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची एक गोळी, लावणीच्याच दिवशी, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावी. पाण्यावर फेकलेल्या युरियाचा मोठा अंश हवेत उडतो किंवा वाहून नदीत जातो. चिखलात पुरलेली गोळी मुळांस हळूहळू पुरते. काम वाकून करावयाचे व वेळ घेणारे आहे, हे आम्ही लपवीत नाही. पहिल्या वर्षी चार-पाच गुंठ्यांवरच करून पाहावे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. इंद्रायणी हे सुधारित वाण आहे, संकरित नव्हे. म्हणून त्याचे बी दरसाल विकत घ्यावे लागत नाही. आंबेमोहराचेही तसेच. निदान एक खाचर आंबेमोहरास द्यावे. लोंब्या पिवळ्या पडू लागल्या की त्यातून फिरून उंचीने, रंगाने वा दाण्याने वेगळी दिसणारी रोपे उपटून टाकावी. बांधालगतच्या ओळी सोडून मधले निरोगी पीक निराळे कापावे, निराळे झोडावे, उन्हात चांगले वाळवावे, आणि पोत्यास नावाची चिठ्ठी बांधून कोरड्या जागी ठेवावे.