कुंडीतील मिरची : रंग आणि तिखटपणा

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूचे सौम्य हवामान कुंडीतील मिरचीस मानवते. तथापि वाण निवडण्यापूर्वी रंग व तिखटपणा हे दोन स्वतंत्र गुणधर्म आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी मिरची, म्हणजेच महाराष्ट्रातील ‘बेडगी’, गडद तांबडी परंतु सौम्य असते. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या गृहिणी मसाल्यात रंगासाठी बेडगी आणि तिखटपणासाठी लवंगी घालतात, त्यामागे हेच शास्त्र आहे.

तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्याचा. ते बियांत तयार होते असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्या गरात ते तयार होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून फोडणीत परतलेल्या मिरचीचा तिखटपणा सर्वत्र उतरतो आणि तोंड भाजल्यास पाण्यापेक्षा दूध अधिक उपयोगी पडते. कॅप्सेसिनच्या साहाय्याने उष्णतेची जाणीव देणारा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी होते.

बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘अर्का मेघना’ हे संकरित वाण विकसित केले. संकरित वाणाच्या फळातील बी पुन्हा पेरल्यास पुढील पिढीत गुण विखुरतात. बी राखून ठेवायचे असल्यास सरळ वाणच लावावे. पाने आकसू लागली, तर तो बहुधा चुरडा-मुरडा. फुलकिडे, कोळी व पांढरी माशी यांचा त्यात हात असतो. कीटकनाशक फवारल्यास वेष्टनावर दिलेला प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत मिरची तोडू नये. शेतात हा नियम निदान ठाऊक तरी असतो. गच्चीवरची मिरची मात्र दुसऱ्याच दिवशी आमटीत पडते.