तुला जाणवतं ते खरंच आहे

अगं, काढून टाकलेल्या स्तनाला खाज सुटते, हे तू अजून कुणाला बोलली नाहीस ना? बोलणार तरी कसं! हात सपाट छातीवर फिरतो आणि खाजतं ते स्तनाग्र, जे आता नाहीच. डोक्यावर परिणाम झाला की काय, अशी भीती वाटते. ऑपरेशननंतर मलाही वाटली होती. म्हणून आधी हे ऐक: तुला वेड लागलेलं नाही.

स्तन जातो, पण मेंदूत त्याच्या स्पर्शाची जागा राहते. कापलेल्या नसांकडून संदेश येत राहतात आणि मेंदू ते जुन्याच पत्त्यावर पोचवतो. 1860च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांचं असंच दुखणं डॉ. सायलस वियर मिचेल यांनी नोंदवून ठेवलं. आपल्या बायकांचं दुखणं मात्र छातीचं म्हणून ओठांवरच अडतं.

खाज, मुंग्या, छाती भरून आल्यासारखं वाटणं, याचा जाच होत नसेल तर घाबरू नकोस. दंडाची आतली बाजू बधिर होते किंवा तिथे आग होते, ती बहुतेकदा काखेतल्या गाठी काढताना नस दुखावल्यामुळे. पण तीन महिने उलटूनही ठणका जात नसेल, झोप मोडत असेल, ब्लाउज टोचतो म्हणून तू लग्नकार्य टाळत असशील, तर सोसत बसू नकोस. ‘जीव वाचला ना, मग आता कसली कुरकुर?’ असं कुणी म्हणेलही. अगं, जीव वाचवला तो नीट जगण्यासाठीच ना!

नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिनसारखी वेगळी औषधं असतात. ती डॉक्टरांनीच ठरवायची. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर तेही सांग, कारण काही औषधं त्याच्या कामात आड येतात. फिजिओथेरपिस्टकडून खांद्याचे व्यायाम शिकून घे. टाके पूर्ण भरले की त्यांना विचारून त्या जागेवर मऊ सुती कापड हलक्या हाताने फिरव. नसांना स्पर्शाची सवय होते. नवी गाठ, लाली किंवा हाताला सूज दिसली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नकोस.

रात्री नवऱ्यालाही सांग, कुठे हात लावलेला सोसतो, कुठे नाही. तो बिचारा दुखेल म्हणून लांब राहतो आणि तुला वाटतं, त्याला आता मी नको.

पुढच्या तपासणीला मी येते तुझ्याबरोबर. पण डॉक्टरांना सांगायचं तूच, आणि केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही.