शेतमालाच्या विक्रीसाठी समाजमाध्यमावरील वैयक्तिक खाते : आरंभ कसा करावा

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन नैसर्गिक भाग पडतात. घाटावर चिखली, मेहकर, लोणार या बाजूस सोयाबीन, तूर व हरभरा, घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात प्रामुख्याने कापूस, तर सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत संत्र्याच्या बागा दिसतात. पिके निराळी असली तरी विक्रीची रीत बहुधा एकच असते. माल बाजार समितीच्या आवारात उतरतो, हर्रास होतो, वजन होते व पट्टी हाती पडते. त्या क्षणापासून तो माल कोणी पिकविला हे कोणासही ठाऊक राहत नाही. ज्याने तूर नीट वाळवून व चाळून आणली त्यास चार पैसे अधिक मिळतात. परंतु त्याचे पोते इतरांच्या पोत्यांबरोबर एकाच थप्पीला लागते आणि शेतकऱ्याचे नाव तेथेच संपते.

मालाबरोबर नाव टिकविण्याचे एक साधन आज बहुतेक घरांत आहे, ते म्हणजे मोबाईल. सन २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा राज्यातील अनेक शेतकऱ्यांनी व शेतकरी गटांनी व्हॉट्सॲपवर मागणी नोंदवून शहरांतील गृहनिर्माण संस्थांपर्यंत फळे व भाजीपाला पोचविला. शेतकरी आणि ग्राहक यांचा परस्पर परिचय झाल्यास व्यवहार होऊ शकतो, हे त्या अनुभवावरून दिसून आले. हा परिचय टिकविणे हेच वैयक्तिक खात्याचे काम होय. सर्व माल या मार्गाने विकला जाईल अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये. पहिल्या वर्षी उत्पन्नाचा लहानसा हिस्सा या रीतीने विकून पाहावा व बाकीचा नेहमीप्रमाणे बाजारात न्यावा, हेच शहाणपणाचे आहे.

खात्याची पहिली तयारी

फेसबुकवरील वैयक्तिक खाते स्वतःच्या खऱ्या नावाने उघडावे. एका व्यक्तीने असे एकच खाते ठेवावे, असा तेथील नियम आहे. "किसान किंग" यासारखी टोपणनावे ग्राहकाच्या मनात विश्वास निर्माण करीत नाहीत. छायाचित्र स्वतःचे व शक्यतो स्वतःच्या शेतातील असावे. देवदेवतांचे, नटांचे किंवा पुढाऱ्यांचे नसावे. परिचयात गाव, तालुका, पिके आणि विक्रीस असलेला माल एवढे चार ओळींत लिहावे. सर्वे नंबर, आधार क्रमांक, बँकेचा तपशील यांतील काहीही तेथे देऊ नये. सांकेतिक शब्द कोणास सांगू नये व खात्यास दुहेरी पडताळणी लावून घ्यावी.

व्हॉट्सॲपसाठी, २०१८ साली निघालेले व्यवसायासाठीचे स्वतंत्र ॲप विनामूल्य मिळते. त्यात मालाची यादी, छायाचित्र व किंमत मांडून ठेवता येते. एकच संदेश अनेकांस स्वतंत्रपणे पाठविण्याची सोयही त्यात आहे. मात्र ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये नोंदविलेला असेल त्यांनाच असा संदेश पोचतो. म्हणून प्रत्येक नव्या ग्राहकास क्रमांक नोंदवून घेण्याची विनंती करावी.

पहिले ग्राहक अनोळखी नसतात. नोकरीनिमित्त पुणे, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे गेलेले लोक बहुतेक गावांत आहेत. आप्त, वर्गमित्र आणि गावचे लोक मिळून वीस-पंचवीस नावांची यादी सहज होते. या मंडळींना गावाची माती ठाऊक असते. त्यांनी समाधानाने सांगितलेला एक शब्द शंभर जाहिरातींहून अधिक काम करतो.

काय लिहावे व केव्हा लिहावे

माल तयार झाल्यावर "विकणे आहे" अशी पाटी लावणे ही या कामातील सर्वांत मोठी चूक होय. ज्यास सहा महिने पीक वाढताना दिसले, तो ग्राहक भाव विचारण्यापूर्वीच अर्धा तयार झालेला असतो. म्हणून जूनमध्ये पेरणीपासून आरंभ करावा. तुरीचे उदाहरण घेतल्यास पेरणी, कोळपणी, फुलोरा, शेंगा भरणे, सोंगणी, मळणी आणि डाळ तयार करणे असे सात टप्पे आपोआप मिळतात. आठवड्यातून एक छायाचित्र व त्याखाली दोन-तीन वाक्ये पुरेशी आहेत. भाषा घरची असावी. पाऊस लांबला, शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी करावी लागली, तर तेही लिहावे. संकट लपविणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा ते सांगणाऱ्यावर ग्राहक अधिक विश्वास ठेवतो.

दुसऱ्याच्या शेतातील किंवा इंटरनेटवरून घेतलेले छायाचित्र आपले म्हणून कधीही देऊ नये. तसेच प्रमाणीकरण नसताना "सेंद्रिय" हा शब्द वापरू नये. त्याऐवजी कोणते खत दिले व कोणती फवारणी केली वा केली नाही हे स्पष्ट लिहावे. राजकारणाचे वाद आणि ऐकीव बातम्या या खात्यापासून दूर ठेवाव्यात.

निवडणे, पाखडणे, भरणे ही कामे पुष्कळ घरांत स्त्रियाच करतात. त्यांचे काम व त्यांची संमती असल्यास त्यांचे नाव खात्यावर अवश्य यावे. डाळीविषयी ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा त्याच अधिक चांगले देऊ शकतात.

किमतीचा हिशेब

भाव सांगण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. उदाहरणादाखल, एक क्विंटल तुरीचा बाजारभाव ७,००० रुपये, डाळ तयार करण्याचा व सफाईचा खर्च ७०० रुपये आणि पिशव्यांचा खर्च ३५० रुपये धरला, तर एकूण ८,०५० रुपये होतात. एक क्विंटल तुरीपासून साधारणतः ७० किलो डाळ धरल्यास ती ११५ रुपये किलो पडते. यात घरची मजुरी व पोचविण्याचा खर्च आलेला नाही. चुनी जनावरांस उपयोगी पडते, तेवढी वजावट करता येईल. बाजारातील डाळ याहून स्वस्त मिळत असेल, तर आपली डाळ अधिक दराने का घ्यावी याचे प्रामाणिक उत्तर शेतकऱ्याजवळ असले पाहिजे. वाहतूक खर्च वेगळा सांगावा. सुट्या मागण्या रोज पाठविण्यापेक्षा आठवड्याचा एक दिवस ठरवून एकत्र पाठविल्यास खर्च कमी येतो.

कायद्याची बंधने

राज्य शासनाने जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्याने हा माल थेट ग्राहकास विकता येतो. डाळ, हळद पूड, पापड, लोणचे असा प्रक्रिया केलेला माल विकावयाचा झाल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी. बंद पिशवीवर नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत व भरल्याचा महिना छापावा. सोयाबीनचे घरचे बियाणे विकण्याचा हक्क शेतकऱ्यास २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने दिलेला आहे. मात्र ते छापील पिशवीत, नाममुद्रा लावून विकता येत नाही. खात्यावर तशी जाहिरात करणे अडचणीत आणू शकते.

फसवणुकीपासून सावधगिरी

लष्करी अधिकारी असल्याचे सांगून मोठी मागणी नोंदवावयाची आणि पैसे पाठविण्याच्या निमित्ताने क्यूआर चिन्ह धाडावयाचे, हा फसवणुकीचा परिचित प्रकार आहे. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. ही एक गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. अनोळखी ग्राहकाकडून रक्कम बँकेत जमा झाल्याची खात्री झाल्यावरच माल पाठवावा. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

तक्रार आल्यास

एखाद्या पिशवीत कीड निघाली, वजन कमी भरले, संत्री वाटेत सडली, असे प्रसंग येणारच. अशा वेळी तक्रार पुसून टाकू नये व वादही घालू नये. चूक मान्य करून माल बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत, आणि पुढे कोणती काळजी घेतली ते लिहावे. बाजारात खराब पोते निघाले तर त्या दिवशीचा भाव जातो. खात्यावर खोटेपणा उघड झाला तर अनेक वर्षांची ओळख जाते.

सारांश, वैयक्तिक खाते हे शेताचाच एक तुकडा मानून त्याची मशागत करावी. आरंभी खरे नाव, नंतर नियमित लेखन, मग थोडा परंतु निवडक माल आणि शेवटी शब्दाप्रमाणे पोच, हा क्रम मोडू नये. मालाची प्रत सुधारण्यासाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालय, तसेच बुलढाणा व जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रे यांचा सल्ला घ्यावा. येत्या हंगामात एका एकराची तूर जरी या रीतीने ग्राहकाच्या घरी गेली, तरी तिच्याबरोबर शेतकऱ्याचे नावही जाईल. आणि पुढील वर्षी ग्राहक डाळ मागताना ते नाव घेऊन मागेल.