गुलाबी बी आणि गच्चीवरची भेंडी

प्रश्न : चेन्नईत गच्चीवर भेंडी लावायची आहे. पाकिटातले बी गुलाबी आहे. कीटकनाशक लावलेले बी पेरावे का? – एक वाचक, चेन्नई

उत्तर : आधी पाकिटावरचे लेबल वाचा. गुलाबी रंग बुरशीनाशकाचाही असतो. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम असेल, तर ते मुळांतून रोपाच्या रसात चढते आणि तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांना साधारण महिनाभर आवर घालते. शेतात याचे मोल मोठे आहे, कारण शिरा पिवळ्या पाडणारा हळद्या रोग पांढरी माशीच पसरवते आणि कोवळेपणी लागण झालेले झाड पुढे फारसे पीक देत नाही. वारंवार फवारण्यापेक्षा बियाला चिमूटभर औषध लावणे केव्हाही बरे. फळ पोखरणारी अळी मात्र नंतर येते. तिच्यावर याचा भरवसा ठेवू नका.

मग गच्चीवरही तेच का नको? दहा-बारा कुंड्यांत रोज सकाळी पाने उलटून पाहता येतात, पिवळे चिकट सापळे लावता येतात, निंबोळी अर्क फवारता येतो. शिवाय मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने 2018 मध्ये या दोन्ही औषधांचा उघड्यावरचा वापर थांबवला. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारख्या हळद्याला तोंड देणाऱ्या वाणाचे साधे बी घ्या. ही प्रतिकारशक्ती आता पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही, तरी सुरुवात तिथूनच करावी. गुलाबी बीच पेरायचे ठरवलेत, तर हातमोजे घाला आणि उरलेले बी चुकूनही स्वयंपाकघरात ठेवू नका.