गौताळ्याची अभ्याससहल

अंबड तालुक्यातील अंकुशनगरचा परिसर उसाचा व काळ्या जमिनीचा. तेथील विद्यार्थ्यांना डोंगरातील अरण्य दाखवावयाचे झाल्यास मेळघाटापर्यंत जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगर व जळगाव जिल्ह्यांच्या सीमेवर, अजिंठा-सातमाळा रांगेत गौताळा-औट्रामघाट अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे.

या डोंगराशी अंबडचे नाते पाण्याचे आहे. उत्तर उतारावरील पाणी गिरणेवाटे तापीस जाते. दक्षिणेकडे वाहणारी शिवना गोदावरीस मिळते आणि ते पाणी पैठणच्या नाथसागरात साठते. त्याच जलाशयाचा डावा कालवा अंबड तालुक्यातून जातो. डोंगर उघडा पडला तर तेथील माती गाळ होऊन याच जलाशयाकडे येणार. शिक्षकांनी निघण्यापूर्वीच ही गोष्ट नकाशावर दाखवून द्यावी.

वन पानझडी आहे. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा व रानडुक्कर ही येथील प्रमुख जनावरे. बिबट्या दिवसा सहसा दृष्टीस पडत नाही, म्हणून मुलांना पाणवठ्याकाठची ओली माती वाचावयास शिकवावे. कुत्र्याच्या व लांडग्याच्या पावलात नखे उमटतात. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात ती बहुधा नसतात. हा एवढा धडा पुष्कळ वर्णनांपेक्षा अधिक उपयोगी आहे.

मार्च २०२१ मध्ये येथील स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघ आढळला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून तो आला होता. वाटेत अखंड अरण्य नव्हे, तर शेते, रस्ते व गावे होती. वनांचे तुटक तुकडे व ओढ्याकाठची झाडी हाच अशा प्राण्याचा मार्ग. गायरानातील व नाल्याकाठची झाडे तोडण्याचा ठराव पुढे आल्यास पंचायत सदस्यांनी हे ध्यानी घ्यावे.

चराईचा प्रश्न मात्र नाजूक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे. अभयारण्यात चराईचे नियमन करता येते. गौताळा अभयारण्य असल्याने काठावरील गावांशी विचारविनिमयास येथे वाव उरतो. पशुपालकास पर्यायी चारा न देता केवळ बंदीचा फलक लावल्याने गुरे थांबत नाहीत. उलट, जनावरांचे लसीकरण वेळेवर झाले तर पाळीव गुरांचे रोग रानगुरांपर्यंत पोहोचण्याचा धोका कमी होतो, आणि हे काम पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने ग्रामपंचायतीस हाती घेता येण्यासारखे आहे.

वेळ उरल्यास पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी अवश्य पाहावीत. पावसाळ्यात तेथील पायऱ्या निसरड्या होतात. लहान मुलांना घेऊन जाण्यास हिवाळाच बरा.